सुईच्या टोकावरचा पुरावा

मराठी शिकविणाऱ्या माणसाने पुरुषाच्या देहातील एका अक्रोडाएवढ्या ग्रंथीवर लेख लिहावा, आणि तोही चकली-करंजीच्या सोबतीने वाचावयाच्या अंकात, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु माझ्या या उद्योगाची सुरुवात शब्दापासूनच झाली. आमच्या सांडोर गावात गेल्या काही वर्षांत ‘प्रोस्टेट’ हा शब्द इतक्या वेळा कानांवर आला की, त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात हे पाहावे म्हणून मी विश्वकोश उघडला. तेथे ‘अष्ठीला ग्रंथी’ असे नाव भेटले. अष्ठीला म्हणजे वाटोळा, गुळगुळीत दगड. सुश्रुताने मूत्र अडण्याचे जे बारा प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘वाताष्ठीला’ हा एक आहे. मलमार्ग आणि मूत्राशय यांच्या मधल्या जागेत दगडासारखी घट्ट गाठ होऊन बसते असे त्याचे वर्णन आहे. कारण त्याने वायूचे दिले. ते आज कोणी मानणार नाही. पण जागा मात्र त्याने नेमकी दाखविली. आजचा डॉक्टरही हातमोजा चढवून पहिली तपासणी करतो ती त्याच वाटेने आणि शोधतो तोच दगड.

शब्द सापडला, पण तो गावात चालणार नाही हेही उमगले. आमच्याकडे रविवारची मिस्सा आटोपल्यावर देवळाबाहेर माणसे घोळक्याने उभी राहतात. तेथे ब्लडप्रेशर, साखर, गुडघे यांची मोकळेपणाने देवघेव होते. केळीच्या वाडीत कोणते खत घातले हे जसे सांगावे, तसे कोणत्या गोळ्या चालू आहेत हे सांगतात. लघवीची गोष्ट निघाली की मात्र घोळका पांगतो. रात्री चार वेळा उठणारा माणूस ते ‘म्हातारपण’ म्हणून सोसतो. बायकोला ठाऊक असते, मुलांना नसते. आणि सरकारच्या कर्करोग-तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच जागा आहेत. प्रोस्टेटकडे माणसाने स्वतःच्या पायांनी चालत जावयाचे असते.

तो जातो तेव्हा काय होते? प्रथम रक्ताची पी.एस.ए. नावाची तपासणी. पी.एस.ए. हे या ग्रंथीतच तयार होणारे एक प्रथिन. अमेरिकेत या तपासणीला १९८६ साली मान्यता मिळाली ती ठरलेल्या रोग्यावर नजर ठेवण्यासाठी, आणि १९९४ मध्ये रोग हुडकण्यासाठी. तिची मोठी अडचण अशी की ती ग्रंथीची खबर देते, कर्करोगाची नव्हे. वयाने ग्रंथी फुगली, तिला सूज आली, जंतू शिरले, तरी आकडा चढतो. म्हणून पी.एस.ए. वाढले म्हणजे संशय आला, एवढेच. पुरावा हवा असेल तर ग्रंथीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला पाहिजे. याचेच नाव बायॉप्सी.

बायॉप्सी कशी असते हे समजून घेताना मला लहानपणीचा पापडीचा दाणेवाला आठवला. तांदळाचे पोते न उघडता तो एक पन्हळीसारखी टोकदार सळई पोत्यात खुपसायचा आणि तिच्या खाचेत आलेले दाणे तळहातावर घेऊन सबंध पोत्याचा भाव सांगायचा. बायॉप्सीची सुई थेट याच जातीची. तिच्याही टोकापाशी खाच असते. स्प्रिंगच्या झटक्याने ती आत जाते आणि शेवईसारखा एक तंतू घेऊन येते. हा तंतू सुमारे एक मिलिमीटर जाड आणि दीड-दोन सेंटिमीटर लांब. असे बारा तंतू काढले, तरी साधारण वाढलेल्या ग्रंथीच्या शेकड्याला एक भागही तपासला जात नाही. पोत्यात तांदूळ सर्वत्र सारखा असतो, म्हणून दाणेवाल्याचे चालते. कर्करोग हा सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. तो एका कोपऱ्यात दबून बसतो. सगळा घोटाळा येथे आहे.

पूर्वी तर हे काम बोटाच्या अंदाजाने चाले. मग ध्वनिलहरींनी चित्र काढणारे सोनोग्राफीचे यंत्र आले. गुदमार्गातून या ग्रंथीचे चित्र काढण्याची विद्या जपानच्या हिरोकी वातानाबे यांनी १९६० च्या दशकात पुढे आणली. १९८९ साली अमेरिकेत हॉज, मॅक्नील आणि स्टॅमी यांनी सोनोग्राफी पाहत ठरावीक सहा जागांवरून सहा तंतू घेण्याची पद्धत मांडली. पुढे सहाचे दहा-बारा झाले. या पद्धतीला ‘चित्राच्या मार्गदर्शनाने केलेली बायॉप्सी’ म्हणत. भाषेच्या माणसाला येथे थांबावेसे वाटते. कारण ते मार्गदर्शन ग्रंथीपर्यंतचे होते, गाठीपर्यंतचे नव्हते. सोनोग्राफीत ग्रंथीची सीमा छान दिसते, पण आतली गाठ बहुधा दिसत नाही. म्हणजे पत्ता ‘सांडोर, तालुका वसई’ एवढाच. घर कोणते ते माहीत नाही. डॉक्टर गल्लीगल्लीत एकेक दार ठोठावणार, आणि तेही मागच्या बाजूची. ग्रंथीच्या पुढच्या भागात दडलेली गाठ या सुयांना सहसा भेटतच नाही.

माझ्या मामांच्या बाबतीत नेमके हेच घडले. मामा सांडोरचेच, आयुष्यभर वाडी केली, पालेभाजी आणि केळी पिकविली. सदुसष्टाव्या वर्षी पी.एस.ए. आठाच्या पुढे गेले. एका रुग्णालयात बारा सुया झाल्या. चार दिवसांनी अहवाल आला आणि मामा तो घेऊन माझ्याकडे आले. इंग्रजीतला कागद दिसला की भाच्याकडे यायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे.

“मास्तर, वाच. बारा ठिकाणी खणलं आणि काही लागलं नाही. म्हणजे सुटलो ना?”

“मामा, यात कर्करोग ‘नाही’ असं लिहिलेलं नाही. या बारा तुकड्यांत तो ‘दिसला नाही’ असं लिहिलंय.”

“तुझं व्याकरण तुझ्या कॉलेजात ठेव,” मामा म्हणाले आणि मामीने पाठविलेली केळी ठेवून निघून गेले.

पण येथे व्याकरणच महत्त्वाचे होते. मराठीत ‘नाही’ आणि ‘आढळले नाही’ ही निरनिराळी विधाने आहेत. पहिले वस्तूविषयी आहे, दुसरे शोधणाऱ्याविषयी. बावखलात गळ टाकून मासा लागला नाही, म्हणून बावखलात मासाच नाही असे वसईचा पोरही म्हणणार नाही. त्या रुग्णालयाने काही चुकीचे केले असेही मी म्हणत नाही; जी पद्धत रूढ होती ती त्यांनी वापरली. प्रश्न असा की, अशा ‘आढळले नाही’वर किती विसंबावे?

या प्रश्नाचे फार चोख उत्तर २०१७ साली इंग्लंडमधून आले. प्रॉमिस नावाच्या त्या अभ्यासात ५७६ पुरुष होते. प्रत्येकाची प्रथम एम.आर.आय. तपासणी झाली; नंतर रूढ सोनोग्राफीची बायॉप्सी झाली; आणि दोहोंची परीक्षा घेण्यासाठी प्रत्येकाच्या ग्रंथीची दर पाच मिलिमीटरला एक सुई अशी जाळीदार झडती घेतली गेली. ही झडती बेशुद्ध करूनच घ्यावी लागते, तेव्हा ती रोजच्या व्यवहारातली गोष्ट नव्हे. ती प्रश्नपत्रिकेची उत्तरसूची. तिच्याप्रमाणे २३० जणांना दखल घ्यावी असा कर्करोग होता. त्यांपैकी रूढ बायॉप्सीने १११ पकडले. निम्मेसुद्धा नाहीत! एम.आर.आय.ने २१३ जणांवर बोट ठेवले, १७ सोडले.

हे वाचून एम.आर.आय.च्या नावाने आरती करावयास कोणी उठेल, म्हणून दुसरी बाजूही लगेच सांगतो. त्याच अभ्यासात ज्यांना असा कर्करोग नव्हता, त्यांतल्या शंभरांपैकी एकेचाळीसांनाच एम.आर.आय.ने ‘निर्धास्त जा’ असे सांगितले. उरलेल्या एकोणसाठांवर तिने उगाच संशय घेतला. उलट रूढ सुईने ‘सापडला’ म्हटले की ते जवळजवळ नेहमी खरे निघे. म्हणजे एम.आर.आय. हा सावध कुत्रा आहे. चोरावर भुंकतो तसा पोस्टमनवरही भुंकतो. सुई ही साक्षीदार आहे. बोलली तर खरे बोलते, पण अर्ध्या वेळी गप्प बसते. तेव्हा दोघांना एकत्र आणावे, भुंकण्याच्या दिशेने साक्षीदाराला पाठवावे, ही कल्पना ओघानेच आली.

ती तीन तऱ्हांनी अमलात येते. एक, डॉक्टरने एम.आर.आय. पाहून ठेवावयाचा आणि सोनोग्राफी करताना मनात जागा ताडून सुई मारावयाची. दुसरी, संगणकाने एम.आर.आय.चे चित्र सोनोग्राफीच्या पडद्यावर आणून बसवावयाचे. यास फ्यूजन म्हणतात. तिसरी, एम.आर.आय.च्या बोगद्यातच रोग्याला ठेवून सुई घालावयाची. यांत महागडे यंत्र सर्वांत अचूक असणार असे आपल्याला वाटते. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या फ्यूचर नावाच्या चाचणीत आधीची बायॉप्सी कोरी निघालेल्या पुरुषांवर या तिन्ही तऱ्हांची तुलना झाली. तिन्हींत दखलपात्र कर्करोग सापडण्याचे प्रमाण शेकडा तेहतीस-चौतीसच निघाले. जाहिरातीतल्या यंत्रापेक्षा सुई धरणारा हात आणि चित्र वाचणारा डोळा यांना मी अधिक मान देतो, तो यामुळे.

मामांचे पी.एस.ए. वर्षभरात अकरावर गेले. या वेळी एम.आर.आय. झाला आणि ग्रंथीच्या पुढच्या भागात एक काळसर डाग दिसला. अशा डागांना एक ते पाच गुण देण्याची पाय-रॅड्स नावाची पद्धत आहे. एक म्हणजे बहुतेक निरुपद्रवी, पाच म्हणजे दाट संशय. मामांना चार मिळाले. “पाचापैकी चार म्हणजे पास ना रे?” असे त्यांनी विचारले तेव्हा हसावे की रडावे मला कळेना. डागावर नेम धरून चार सुया झाल्या. तीन तंतूंत कर्करोग होता, ग्लीसन चार अधिक तीन.

हे ग्लीसन प्रकरण शाळेतल्या अंकगणिताला न जुमानणारे आहे. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली पेशींची मांडणी किती विस्कटली आहे यावरून एक ते पाच प्रती ठरविल्या. सर्वांत जास्त दिसणारी प्रत आधी, दुसरी नंतर, आणि दोहोंची बेरीज. त्यामुळे तीन अधिक चार आणि चार अधिक तीन, दोन्ही सातच. पण दुसरे अधिक वाईट, कारण त्यात चारची प्रत वरचढ असते. आजच्या व्यवहारात सहा हा सर्वांत सौम्य. मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचा रोग जाहीर झाला तेव्हा आकडा नऊ होता आणि रोग हाडांत पोहोचला होता.

मग मामांच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक घेऊन आम्ही परळला गेलो. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाविषयी मी येथे काही नवे सांगावे असे नाही. वसईच्या कित्येक घरांतून विरार-दादरची ती वाट तुडविली गेली आहे. पण लोकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. आपल्या देहाचा तो तंतू मेणात घट्ट बसवून जपून ठेवलेला असतो. तो आणि त्याच्या काचा रोग्याला मागून घेता येतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घेता येतात. ग्लीसनच्या प्रतीवर दोन जाणत्यांचे मतभेद होऊ शकतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला याचे नवल वाटावयाचे कारण नाही. गर्दीच्या गाडीत मामा ती छोटी पेटी छातीशी धरून बसले होते. शेजाऱ्याने “काय आहे?” विचारले, तर म्हणाले, “बियाणं.”

आता दुसरी हकिकत, थोडक्यात. आमच्याच आळीतल्या माझ्या एका चुलतभावाच्या एम.आर.आय.मध्ये असाच चार गुणांचा डाग निघाला. घरात रडारड झाली. मुलीचे लग्न पुढे ढकलावे काय यापर्यंत बोलणी गेली. नेम धरून सुया झाल्या आणि निघाली ती दाहाने झालेली गाठ, कर्करोग नव्हे. आपल्या देशात हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. क्षयाची किंवा तशाच दाहाची गाठ एम.आर.आय.मध्ये हुबेहूब कर्करोगाचे सोंग आणू शकते. मूत्राशयाच्या कर्करोगावर बी.सी.जी.चे उपचार घेतलेल्यांतही असे होते. एम.आर.आय.चा कागद हातात आला म्हणजे निदान झाले असे नव्हे.

नेम धरून मारलेली सुईच पुरेशी, की जुन्या बारा सुयाही सोबत असाव्यात? यावर तज्ज्ञांत बराच खल झाला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन या चाचणीत ५०० पुरुषांची दोन गटांत वाटणी केली होती. एम.आर.आय. आणि फक्त नेमाच्या सुया या गटात दखलपात्र कर्करोग शेकडा ३८ जणांत सापडला, जुन्या पद्धतीच्या गटात २६. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे निरुपद्रवी कर्करोग सापडण्याचे प्रमाण पहिल्या गटात ९ आणि दुसऱ्यात २२. शिवाय पहिल्या गटातल्या शेकडा २८ जणांना एम.आर.आय. स्वच्छ निघाल्यामुळे सुईच लागली नाही. हे वाचून जुन्या सुया निकालात निघाल्या असे वाटते. परंतु २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून २,१०३ पुरुषांचा अभ्यास आला. एम.आर.आय.मध्ये डाग दिसलेल्या या सर्वांवर दोन्ही तऱ्हांच्या सुया केल्या होत्या. त्यांतल्या ४०४ जणांची ग्रंथी पुढे शस्त्रक्रियेने काढली, तेव्हा सबंध ग्रंथीच तपासावयास मिळाली. सुईने जी प्रत सांगितली तिच्याहून वाईट प्रत प्रत्यक्षात निघाली, असे केवळ जुन्या सुयांच्या बाबतीत शेकडा ४१.६ वेळा झाले, केवळ नेमाच्या सुयांत ३०.९ वेळा, आणि दोन्ही एकत्र केल्यावर १४.४ वेळा.

नेम धरूनही चुकतो कसा, असे कोणी विचारील. ग्रंथी मऊ असते. सोनोग्राफीच्या दांड्याने ती दबते, सुईने सरकते, आणि एम.आर.आय.च्या वेळचा तिचा आकार टेबलावर राहत नाही. डागाची कड धूसर असते. काही गाठी एम.आर.आय.ला दिसतच नाहीत. आणि एकाच डागाला एक डॉक्टर तीन देतो, दुसरा चार. तीन ही तर मोठी पंचाईतच. धड पास नाही, धड नापास नाही. अशा वेळी ग्रंथीच्या आकारमानाच्या मानाने पी.एस.ए. किती, घरात वडील-भाऊ यांना रोग होता काय, हे पाहून ठरवितात.

येथवर मी ‘जास्त सापडणे म्हणजे चांगले’ असे गृहीत धरून बोललो. पण या रोगात ते पूर्ण खरे नाही. प्रोस्टेटचे कित्येक कर्करोग इतके संथ असतात की माणूस दुसऱ्याच कशाने जातो. इंग्लंडमधील प्रोटेक्ट नावाच्या चाचणीत १,६४३ पुरुषांना तीन वाटा दिल्या: नुसती नजर ठेवणे, शस्त्रक्रिया, किंवा किरणोपचार. सुमारे पंधरा वर्षांनी, २०२३ साली, हिशेब मांडला तेव्हा या रोगाने ४५ जण गेले होते, शेकडा तिनाहून कमी, आणि तिन्ही वाटांत म्हणावा असा फरक नव्हता. हे बहुतेक सौम्य, ग्रंथीपुरत्या रोगाचे लोक होते, हे विसरता कामा नये. मामांसारख्यांना ते लागू करता येत नाही. पण शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जाणे, दांपत्यजीवन संपणे, हे भोग खरे असतात आणि देवळाबाहेरच्या घोळक्यात त्यांची वाच्यता कधीच होत नाही. सहाच्या ग्लीसनसाठी ते भोगलेला माणूस मी पाहिला आहे. म्हणून निरुपद्रवी रोग २२ ऐवजी ९ जणांत सापडतो, ही मला ३८ आणि २६ च्या फरकाएवढीच मोठी गोष्ट वाटते.

सुईच्या वाटेविषयीही दोन शब्द. गुदमार्गातून गेलेली सुई तेथले जंतू सोबत नेऊ शकते, आणि आपल्याकडे औषधांना न जुमानणारे जंतू पुष्कळ. त्यामुळे वृषण आणि गुद यांच्या मधल्या कातडीतून सुई घालण्याकडे आता कल वाढला आहे. २०२५ च्या ट्रान्सलेट या ब्रिटिश चाचणीत या नव्या वाटेने शेकडा ६० जणांत दखलपात्र रोग सापडला, जुन्या वाटेने ५४. फक्त ती थोडी अधिक दुखते आणि वेळ घेते. चंदीगडच्या पी.जी.आय.मधल्या डॉक्टरांनी तर तिसरीच वाट धरली: गॅलियमयुक्त पी.एस.एम.ए. पेट चित्रात जी जागा उजळते तिच्यावर यंत्राच्या बाहूने नेम धरून, नितंबातून सुई घालावयाची.

पालघर जिल्ह्यातल्या माणसाला या साऱ्यातले काय लाभते? सोनोग्राफी आणि पी.एस.ए. आता तालुक्यात होतात. एम.आर.आय.ला खर्च येतो, शिरेतून रंगद्रव्य द्यावे लागते, अर्धा-पाऊण तास बोगद्यात निपचित पडावे लागते. आणि यंत्र असणे व प्रोस्टेटचा एम.आर.आय. वाचण्यात मुरलेला डोळा असणे, या भिन्न गोष्टी आहेत. बायॉप्सीच्या आधी एम.आर.आय. करणे ही आता जगभर मान्य रीत आहे. नंतर केला तर सुईने झालेला रक्तस्राव चित्र गढूळ करतो आणि कित्येक आठवडे थांबावे लागते. आमच्याकडे क्रम अजून कधीकधी उलटा होतो, आणि बहुधा पैशांमुळे होतो.

या बाबतीत २०२५ च्या सप्टेंबरात एक उपयोगी वार्ता आली. प्राइम नावाच्या बारा देशांतल्या चाचणीने असे दाखविले की रंगद्रव्याचे इंजेक्शन न देता काढलेला आटोपशीर एम.आर.आय.ही तेवढेच दखलपात्र कर्करोग पकडतो, दोन्हींत शेकडा २९. वेळ निम्म्यावर येतो आणि सुईवाल्या डॉक्टरची त्या खोलीत गरज राहत नाही. अट एवढीच होती की यंत्रांच्या चित्रांची प्रत आधी तपासून घेतली होती आणि ती वाचणारे लोक या कामातले जाणकार होते. रोग्याने एम.आर.आय.ची वेळ ठरविताना, येथे महिन्याला किती प्रोस्टेट वाचले जातात, असे फोनवरच विचारून घ्यावे. पलीकडचा माणूस दचकेल, पण आत जाऊन कोणाला तरी विचारून येईल.